कोरड्या वाळूतली सातवी गरी

दहा जानेवारी. मोरजीच्या किनाऱ्यावर मी खारवलेले बांगडे वाळत घालत होते. इथे गरीने मासे धरायला येणारा तो पोरगा रोजच्यासारखा मोटारसायकलवरून आला. दिवाळीत त्याच्याकडे मासे धरायची एकच गरी होती, आज सातवी आली. फडक्याने तो तिची काठी पुसत राहिला, पण पाण्याकडे दोनच लावायचा. बाकीच्या दोरीशिवायच वर कोरड्या वाळूत रोवून ठेवायचा आणि घरीही नेत नसे. सातवी त्याने नेमकी तिथे रोवली, जिथे रात्री कासवीण अंडी घालून गेली होती. आधीच्या चारही अशाच जागी होत्या.

"सुक्या रेंवेत मासो मेळटा काय रे?" मी विचारलं.

"मावशी, सगळ्याच गऱ्या मासे धरायला नसतात," तो हसून म्हणाला.

ते हसणं मला पटलं नाही. अंडी चोरीला जातात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मी विचार केला, काठी हलवून बघावी: तो अंड्यांचा राखणदार असेल तर ती परत जागेवर आणील, चोर असेल तर काठीपाशी रिकामी वाळू उकरील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो यायच्या आधी मी सातवी गरी उपटून वीस पावलांवर रोवली, पायांच्या खुणा पुसल्या आणि खऱ्या जागेशेजारी वाळते बांगडे उलटत त्याची वाट बघत बसले.