सोमवारची गोळी

उजव्या डोळ्यामागे दुखायला लागलं तेव्हा सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, अर्धशिशी. दोन हजार साल असेल. अर्धशिशी सूर्याबरोबर चढते नि सूर्याबरोबर उतरते, असं आमच्याकडे मानतात. म्हणून उजाडायच्या आत मंतरायला नेलं, नाकात तूप सोडलं. पण माझं दुखणं सूर्य बुडाला तरी तिथंच. कधी कमी, कधी डोळ्यातून पाणी काढील इतकं, पण नाही अशी वेळच नाही. डोक्यावरच्या मासळीच्या पाटीमुळे असेल म्हणून पाटी सोडली. पाटी सुटली, दुखणं सुटलं नाही.

शेवटी भावाने गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, थांबतं कधी? मी म्हटलं, थांबतच नाही. हे त्याआधी मला कुणी विचारलंच नव्हतं बघा. त्या म्हणाल्या, हा आजार वेगळा, फार थोड्यांना होतो. एका गोळीने थांबला तर समजायचं, तोच. पण गोळी रोज हवी, आणि उपाशीपोटी कधीच नको, पोटात जखम होते.

थांबलं. डोक्याची उजवी बाजू परत माझी झाली.

पण सोमवार आले ना. घोव, म्हणजे माझा नवरा, मासे धरायला दर्यात जातो म्हणून लग्नापासून सोमवारी मी पाणीसुद्धा न घेता दिवसभर उपास धरत होते. उपाशीपोटी गोळी नको, तर सोमवारी गोळीच नको, असं मी माझं ठरवलं. दिवस कलताना दुखणं हजर. सासू म्हणाली, देवाचं काहीतरी राहिलंय. मला तेही पटायला लागलं.

सोमवारचंच दुखतं हे घोवाच्या लक्षात आलं. एका सोमवारी पहाटे निघताना त्याने पेजेचा वाडगा पुढ्यात ठेवला.

"जेव आणि गोळी घे. तू माज्यासाठी उपाशी ऱ्हवतंस, आणि मी होडयेत बसान तुज्या डोक्याचो इचार करतंय. जाळा खंय, मी खंय."

"आणि तुमका काय झाला तर?"

"उपास तुजो. दर्यो माजो. माका बघूक दी."

जेवले. गोळी घेतली. दुपारपासून किनाऱ्यावर जाऊन बसले. डोकं अजिबात दुखत नव्हतं, त्यामुळे भीती तेवढी स्वच्छ कळत होती. त्याची होडी दिसली तशी उठले आणि जाळं ओढायला पाण्यात उतरले.