एक टनाचा एसी आणि आबांचं दार

मित्रांनो, बारामतीच्या सायबर कॅफेतून लिहितोय. आपल्या ग्रुपवर कुणाच्या घरी एसी असेल तर लगेच उत्तर द्या. माझं डोकं चालेनासं झालंय.

वडिलांचं, म्हणजे आबांचं, हृदयाचं ऑपरेशन झालंय. उकाड्यात ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून अंथुर्ण्याच्या घरी खिडकीचा एसी बसवला. दुकानदार म्हणाला, दहा बाय बाराच्या खोलीला एक टन पुरेल. कुठला पुरतोय! आबा घामानं भिजतात, त्यांना धाप लागते.

काल मेकॅनिक आला. भेटायला आलेली खोलीभर माणसं आणि सताड उघडं दार बघून तोच वैतागला. "टन बरोबर हाय साहेब. आधी दार लावा."

आबांनी जन्मात दिवसा दार लावू दिलेलं नाही. "आलेला माणूस माघारी जातो," म्हणतात.

आज त्यांचा डोळा लागल्यावर मी दार लावलं. बाहेर उभा राहून एकेकाला परत पाठवलं. सांगवीहून एसटीनं आलेल्या आत्यालासुद्धा. तिला रडू आवरेना.

दुपारी आत गेलो. खोली गारेगार, आणि आबा भिंतीकडं तोंड करून पडलेले. ताटाला हात लावलेला नाही.

"आज कुणीच आलं न्हाय का रं?"

"नाही आबा."

त्यांनी गोधडी गळ्यापर्यंत ओढली. "दार उघड. थंडी वाजतीय."

उघडलं. तासाभरात पुन्हा धाप.

दुकानदार विचारतोय, दीड टनाचा देऊ की दोन टनाचा? खोलीचं माप त्याला सांगितलंय. उघड्या दाराचं माप कसं सांगायचं, कुणी सांगेल का?