पूर्ण एक मिनिट

हिंगोली जिल्ह्यात मनगट असलेला असा माणूस सापडणं कठीण, ज्याची नाडी आमच्या थोरल्या सिस्टरांनी मोजलेली नाही. पेशंट सोडाच, कळमनुरीच्या बसमध्ये तिकीट द्यायला हात पुढे केलेला कंडक्टरही त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. त्या डोळे मिटत, मान किंचित कलती करत आणि पूर्ण एक मिनिट या जगातून नाहीशा होत. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणणं त्यांच्या लेखी पाप होतं. त्या मिनिटात वॉर्डातला पंखासुद्धा हळू फिरतोय असं वाटे. एकदा डॉक्टरसाहेब तावातावानं ओरडत होते, तर यांनी त्यांचंच मनगट धरलं आणि मिनिटभरानं म्हणाल्या, "एकशे दहा हाय साहेब. बसा, पानी घ्या, मंग बोला." साहेब मुकाट्यानं बसले.

मी त्यांच्या हाताखाली आले ती शिक्षा म्हणून. सकाळच्या घाईत बारा खाटांच्या नाड्या मी न मोजताच लिहून टाकायची; कुणाला बहात्तर, कुणाला अठ्ठ्याहत्तर. त्यातले शेळ्या राखणारे एक आजोबा एका सकाळी कुणाला न सांगता थेट बाजाराला निघून गेले, आणि मी त्यांच्या रिकाम्या खाटेचीही अठ्ठ्याहत्तर लिहिली. चौकशी झाली. तीन महिने थोरल्या सिस्टरांच्या देखरेखीखाली काम, आणि शेवटी त्यांचा शेरा चांगला आला तरच नोकरी, असं ठरलं.

पहिला महिना त्यांनी मला नुसतं मनगट धरून बसवलं. "आकडा ऱ्हाऊ दे. मानूस कसा हाय ते सांग," म्हणायच्या. बाईंचं डोकं फिरलंय, असं मला वाटायचं. पण हळूहळू मलाही ती गुंगी चढली. तांड्यावरच्या एखाद्या म्हातारीची धास्ती बोटांना कळायची, मी "घरची आठवण येती का, माय?" विचारायची आणि ती रडून मोकळी व्हायची.

शेवटच्या दिवशी शेऱ्याचा कोरा कागद पुढ्यात ठेवून त्यांनी स्वतःचाच हात पुढे केला. "मोज." मी डोळे मिटले. ठोके येत होते, मधेच एक गळत होता, मग दोन घाईनं येत होते. मी पुन्हा मोजलं. त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं, आणि हे कागदावर आलं की त्यांची ड्यूटी संपली हे दोघींनाही ठाऊक होतं.

"काहून थांबलीस?"

"सिस्टर, मधेच ठोका गळून राहिला."

"मंग तसंच लिही की."

मी वॉर्डाच्या वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं. अक्षर वाकडं आलं. त्याच दुपारी त्यांना नांदेडला नेलं. गाडीत बसण्याआधी त्यांनी माझ्या शेऱ्याच्या कागदावर एकच ओळ लिहिली: 'हिला एकटीला वॉर्ड द्यावा.'

त्या आता हट्टा गावी, आपल्या घरी असतात, बऱ्या आहेत. त्यांचा वॉर्ड सुटला तो माझ्या अक्षरानं, माझा राहिला तो त्यांच्या. सकाळी मी त्यांच्या जागी उभी राहते, आणि मला त्यांची फार आठवण येते.