डाव्या पायाची पट्टी

वसंताचं आयुष्य मँगनीजच्या खाणीत उभ्यानं गेलं. ड्रिल मशीन छातीशी धरायचं आणि दगडात भोक पाडायचं. बसून होणारं ते काम नव्हतं. निवृत्त झाला तेव्हा पिंडऱ्यांच्या शिरा दोरासारख्या फुगल्या होत्या. मग कातडी काळी पडली, खाजली, फुटली. दोन्ही पायांना घोट्याच्या वर एकेक जखम झाली, जवळजवळ सारख्या मापाची. त्या भरेनात. उभं राहिलं की ठणका पार डोक्यात जाई.

तेव्हापासून खाट. पाय उशीवर, नजर दाराकडे. दारातून रस्त्याचा एक तुकडा दिसे. लोक त्यात शिरत आणि निघून जात. संडासला जायलाही बायकोचा, तुळसाबाईचा, खांदा लागे. स्वतःच्या पायानं उठून चौकापर्यंत जावं, एवढंच त्याला हवं होतं.

जखमेची नवी पट्टी घेऊन आली ती लांजी गावची नूतन. बालाघाटच्या एका प्रयोगशाळेत ती कोसा, म्हणजे रानातल्या रेशमाचे कोष, उकळून विरघळवी. त्याचा कागदासारखा पापुद्रा करी आणि त्यात कंबरमोडीच्या पाल्याचा रस मिसळून पट्टी बनवी. खाणीत बोट कापलं की हाच पाला चुरगळून लावत, म्हणून वसंताला तिची गोष्ट पटली.

"काकाजी, असे सारखे दोन पाय मले दुसरीकडं भेटले नाहीत," ती म्हणाली. "डाव्यावर माही पट्टी, उजव्यावर साधी कापडाची जाळी. बाकी माणूस एक, जेवण एक, झोप एक. डावा आधी भरला त पट्टीत दम हाये."

वसंतानं हो म्हटलं. दर सोमवारी नूतन येई, प्लास्टिकवर जखमेची कड गिरवून नेई. मधल्या दिवसात पट्टी बदलायचं काम तिनं तुळसाबाईला शिकवलं होतं. वसंताची कंबर वाकत नव्हती. जखमेवर काय ठेवलं जातं, ते त्याला दिसत नसे. पण ठणका समजे. आधी डाव्याचा कमी झाला, मग उजव्याचा. त्याला बरं वाटलं.

नूतनला वाटलं नाही. एका सोमवारी ती दोन प्लास्टिकं एकमेकांवर ठेवून बराच वेळ पाहत बसली.

"साधी जाळी बी तेवढंच काम करून राह्यली. मग कोसा कायले अन् कंबरमोडी कायले? आमचे साहेब म्हणतीन, बंद कर."

ती गेल्यावर वसंतानं तुळसाबाईला विचारलं, "तू काय केलं?"

"काय करीन? पट्टी अर्धी अर्धी केली. कात्री उकळून, हात धुऊन. जखमेपेक्षा मोठी होती, दोघाले पुरली. एकाले वाढाचं अन् शेजारच्याले पाहत बसवाचं, असं माह्या घरी होत नाही."

"पाय हायेत ते. पंगत नाही."

"तुमचेच हायेत ना?"

वसंता मनात हिशेब करू लागला. नूतनला सांगितलं तर पट्टी जाईल. न सांगितलं तर पाय भरतील आणि नूतनची पट्टी खोटी ठरेल. ती तर खोटी नव्हती. दोन्हीकडे तीच होती, म्हणून दोन्ही भरत होते. चांगलं काम वाईट ठरवायला त्याच्याच पायांची साक्ष जाणार होती. भोक अर्धं पाडून पुरं सांगणारे त्यानं खाणीत पाहिले होते. दगड यायचा तो पुढच्या पाळीतल्या माणसाच्या अंगावर.

"पाय भरू द्या, मंग सांगा," तुळसाबाई म्हणाली.

"मंग सांगून काय? तवर तिनं लिहून टाकलं राहीन."

"तिले दुसरे पाय भेटतीन. तुमाले दुसरे भेटत नाही."

वसंता कूस बदलू शकत नव्हता, म्हणून डोळे मिटून पडला.

सोमवारी त्यानं सांगितलं. नूतन खाटेच्या कडेवर बसली.

"काकी, तुमी माही पट्टी पास केली अन् मले नापास."

"मले नाही समजलं, बाई."

"तुमचा दोष नाही. मीच नीट समजावलं नाही." मग ती वसंताला म्हणाली, "काकाजी, तुमचे पाय आता माह्या कामातून बाहेर. पट्ट्या परत न्या लागतात."

"पुन्हा पहिल्यापासून चालू कर. आता हिले हात लावू देत नाही."

नूतननं जखमांची कड पुन्हा गिरवली, माप घेतलं, मान हलवली.

"एवढ्या लहान जखमा तपासणीत घेत नाहीत."

"चालाले मोठ्या हायेत."

"हौ, काकाजी."

तिनं उरलेल्या पट्ट्या पिशवीत घातल्या. दारात थांबून म्हणाली, "सांगितलं ते बरं केलं." वसंतानं मान डोलावली. रस्त्याच्या तुकड्यातून ती लवकर निघून गेली.

तुळसाबाईनं दोन्ही पायांवर साधी जाळी ठेवली, वरून पट्टा गुंडाळला.

"आता किती दिस?" तिनं विचारलं.

"भरतीन तवा."

"अन् नाही भरल्या त?"

"घट्ट बांध," वसंता म्हणाला.