गंजीतली ऊब

अंगात येणाऱ्या बायका बघून मी पदरात तोंड लपवून हसायचे. भूत, करणी असलं काही कधी मानलं नाही, आजही मानत नाही. शिक्षण सातवी, तेव्हा लिहिण्यात चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या... पण हे मनातून जात नाही.

२००३ ची थंडी. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं. नवऱ्याला सिंदी रेल्वे नावाच्या गावात कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटरचं काम लागलं म्हणून एवढ्या लांब आलो. मीही तिथंच कापूस निवडायला लागले. एका सकाळी बाकीच्या बाया चहाला गेल्या आणि मी गोदामात कापसाच्या गंजीला, म्हणजे ढिगाला, टेकले. कापूस आतून गरम लागत होता. वाटलं, कालच्या उन्हानं तापला असेल — म्हणून आणखी आत शिरून बसले! तिकडची कुठलीही पोरगी ओरडत पळाली असती. कापूस गरम लागला म्हणजे आत आग धुमसतेय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

भडका उडाला तेव्हा मी बाहेर होते. कशी आले, आठवेना. कुणाला काही झालं नाही. पण त्यानंतर जिनच्या फाटकाशी गेलं की पाय जमिनीला चिकटायचे. आठ दिवस असेच गेले.

"काऊन वो, फाटकाची राखण करून राह्यली काय?" शांताबाई मुकादमीण म्हणाली. "सोमवारी आत येजो, नाई तं मले दुसरी बाई पाहा लागन."

काम सुटलं तर मला आणि पोरीला गावी पाठवायचं, असं नवऱ्यानं ठरवलेलं.

शेजारणीनं सुमनताईंकडे नेलं. अंगात बसलेली भीती अंगातूनच काढायची, असं काहीतरी ट्रेनिंग त्यांनी घेतलेलं. मी रडत सगळं सांगायला लागले तर त्यांनी थांबवलं.

"काय झालं ते नको सांगू माय. अंगात कुठी बसलं हाय, ते पाह्य."

"पाठीत..." मी म्हणाले, आणि माझं मलाच नवल वाटलं.

"पाय नीट टेकव. हात ठेवू काय पाठीवर?"

मी मान हलवली. त्यांनी डाव्या खांद्याखाली तळवा ठेवला. झटकन उचलला. पुन्हा ठेवला. माझे पाय लटलटायला लागले.

"थांबवू नको. त्या पायायचं पळायचं राह्यलं हाय. पळू दे."

बसल्या जागी पाय किती वेळ थरथरत होते, कोण जाणे. आणि मग आठवलं — गंजीत मला धुरानं गुंगी आली होती. पाठीत जोराचा धक्का बसला आणि मी दाराबाहेर पडले. हाताचाच धक्का... पाची बोटं वेगवेगळी कळली होती.

सोमवारी फाटकातून आत गेले. पाय अडले नाहीत. आधी शांताबाईच्या पाया पडले — वाटलं, तीच असणार.

"मी? आमी समद्या चहावर गेलतो वो! तुले भुतानं ढकललं असन!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. गोदामात दुसरं कुणी नव्हतं, हे मलाही माहीत होतं.

संध्याकाळी सुमनताईंना विचारलं, त्या दिवशी हात का उचललात? त्यांनी आपला तळवा उलटा करून पाहिला.

"मी हात ठेवला, तं तिथं आधीच एक हात होता."

शिकलेल्या माणसांनी काय ते सांगावं, मला अजून उलगडा नाही. मी जिवंत आहे, पोरगी शिकून मोठी झाली. ज्याचा कुणाचा हात असेल त्याचे उपकार... फक्त बसमध्ये, भिंतीशी, कुठंही पाठ टेकून बसवत नाही. वाटतं, तो हात दबेल.