विळीची सुरी

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांनी सुऱ्या बनवायचा उद्योग काढला. जन्मभर रेल्वेच्या ऑफिसात खुर्ची उबवलेला माणूस. घरात साधा खिळा ठोकायचा तर मला हाक मारायचे. मोबाईलवर व्हिडिओ बघून अंगात आलं. मागच्या अंगणात विटांची भट्टी मांडली आणि तिला वारा घालायला माझा केस वाळवायचा ड्रायर पळवला. पहिली सुरी भंगारातल्या जुन्या कानशीची. लालभडक तापवून पाण्यात बुडवली, ती तडकून दोन तुकडे. मग कळलं की असलं पोलाद तेलात विझवायचं असतं आणि नंतर बेताच्या आचेवर ठेवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा असतो. त्या कामी माझा केकचा ओव्हन गेला. घरभर जळक्या तेलाचा वास आणि मी भणभणलेली.

उठून हिसकावून घ्यायची सोय नव्हती. माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. रोज सकाळी मी पलंगावर पडायची, हे टाच धरून गुडघा दुमडायला लावायचे आणि म्हणायचे, अजून थोडं. मी दात आवळून दुमडायची. मला एकच ध्यास होता. भादव्यात महालक्ष्म्या आल्या की त्यांच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या खाली बसून, माझ्या आईच्या विळीवर चिरायच्या. लग्न होऊन अमरावतीहून रायपूरला आले तेव्हा आईनं स्वतःच्या हातची विळी सामानात घातली होती. सागाच्या पाटावर पाय दाबून धरायची जागा तिच्या आणि माझ्या पायानं गुळगुळीत झालेली. मी खाली कधी बसू शकेन ते डॉक्टरांना विचारा, असं म्हटलं की हे म्हणायचे, आधी नीट चालू तर लाग.

महालक्ष्म्या बसल्या त्या संध्याकाळी ह्यांनी ओट्यावर एक सुरी आणून ठेवली. सुरी हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. पातं सरळ, धार एकसारखी, पितळेच्या खिळ्यांनी बसवलेली सागाची मूठ. गोल बाजारातून विकत आणलेली वाटावी इतकी नेटकी. मी कौतुक करत उचलली आणि माझा अंगठा मुठीवरच्या एका गुळगुळीत जागेवर थांबला.

मला वाकता येत नव्हतं. काठीनं खालचं कपाट उघडलं. विळी नव्हती.

"माझ्या आईची विळी तोडली तुम्ही? काहून?"

ह्यांनी वाकून कपाटाचं दार लावलं. मग म्हणाले, "डॉक्टरनं मले ऑपरेशनच्या दिवशीच सांगितलं होतं. तुले आता खाली बसता येनार नाही. कधीच नाही. माझ्याच्यानं तुले सांगनं झालं नाही."

म्हणजे उन्हाळाभर भंगारावर हात बसवणं चाललं होतं ते एवढ्यासाठी, की आईचं पातं बिघडू नये. मला भयंकर राग आला आणि त्याच वेळी ह्यांची कीवही आली. हातावर भाजल्याचे डाग घेऊन ते तसेच उभे होते. मी ओट्याला धरून रडले. विळीसाठी रडले, गुडघ्यांसाठी रडले, आणि इतक्या वर्षांनी पुन्हा आईसाठी रडले. महालक्ष्म्या घरात असताना रडू नये, एवढंही भान राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोळाही भाज्या उभ्यानं चिरल्या. कोहळं, दोडके, गवार, सगळं. सुरी कुठे अडली नाही. अडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं आणि सकाळचा व्यायाम पुन्हा सुरू झाला. चालण्यासाठी तरी तो करावाच लागतो. मी पलंगावर पडले, ह्यांनी टाच हातात घेतली, मी गुडघा दुमडला आणि दुखलं तिथे थांबले. हे काही बोलतील म्हणून वाट पाहिली. ह्यांनी पाय हळूच खाली ठेवला. "अजून थोडं" म्हणाले नाहीत.