हॉलच्या पायरीवरची रांगोळी

स्कॉटलंडच्या अगदी वरच्या टोकाला, समुद्राकाठच्या एका गावात मी वर्षभरासाठी राहायला गेले. काम चित्रांचं आणि रिसर्चचं: गावकऱ्यांबरोबर बसायचं, त्यांच्या गावाची चित्रं त्यांच्याच हातून काढून घ्यायची. त्यासाठी गावचा हॉल हवा. हॉल कमिटीच्या अध्यक्षबाई ऐंशीच्या पुढच्या, तोंडाने फटकळ. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "कलाकार उन्हाळ्यात येतात, आमचे फोटो काढतात नि जातात. तुम्हाला हॉल का द्यायचा? शनिवारी मीटिंग आहे, तेव्हा ठरवू."

हॉल नाही तर प्रोजेक्ट नाही, मुकाट्याने ग्लासगोला माझ्या घरी परत. मला भयंकर राग आला. बाईंचं खरं होतं, म्हणून जास्तच.

शनिवारी सकाळीच हॉलच्या पायरीवर रांगोळीचा डबा घेऊन बसले. म्हटलं, बोलण्यापेक्षा करून दाखवावं. ठिपक्यांची एक ओळ होते न होते तोच समुद्रावरून वारा आला आणि सगळी रांगोळी माझ्या काळ्या कोटावर. मीही हट्टी, पुन्हा काढली. ती नाकात गेली. लंडनच्या स्टॅनमोर भागात राहणाऱ्या आईला फोन लावला, तर म्हणते, "अक्कल गहाण ठेवलीस का? फुल पंख्याखाली कोणी रांगोळी काढतं का?"

बाई समोरच्या घरातून बघत होत्या. येऊन विचारलं, हे काय? मी म्हटलं, आमच्याकडे दारात काढतात, येणाऱ्याच्या स्वागताला. त्या वळून घरात गेल्या. संपलं, मला वाटलं.

आल्या त्या बशीत भिजवलेली पांढरी माती घेऊन. "माझी आजी पायरी धुऊन दर शनिवारी नक्षी काढायची. वाईट काही आत येऊ नये म्हणून." उशीवर गुडघे टेकून त्यांनी कडेने वेलांट्या काढल्या, मी मधे ठिपके मांडले. इतकी मजा आली की बोटं गारठलीत हे कळलंच नाही. नक्षीवर पाय नको म्हणून अख्खी कमिटी मागच्या दाराने आत गेली.

मीटिंगमध्ये प्रोजेक्टबद्दल कोणी एक अक्षरही विचारलं नाही. बाईंनी एवढंच विचारलं, "पावसाने ही नक्षी जाईल. जानेवारीच्या अंधारात नवी कोण काढणार?"

"मी," म्हटलं.

त्यांनी हॉलची किल्ली माझ्यापुढे सरकवली.

"ठेव तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "परत द्यायची घाई नाही."